अंगावर काढू नका, घाईने कापूनही घेऊ नका

म्हशीने दोन वेळा वैरण सोडली, तर तिसऱ्या वेळेची वाट न पाहता आपण जनावरांच्या डॉक्टरला बोलावतो. पण घरातल्या बाईच्या अंगावरून महिनोन्‌महिने जात असते आणि ती 'वयामुळे असेल' म्हणून तशीच भांगलायला जाते. आम्हाला हे योग्य वाटत नाही.

गर्भाशयाला आतून अस्तर असते. एस्ट्रोजेन हे हार्मोन ते दर महिन्यास वाढविते. प्रोजेस्टेरॉन हे दुसरे हार्मोन त्या वाढीस आवर घालते. मग पाळीबरोबर अस्तर गळून पडते. स्त्रीबीज सुटले नाही, तर हे दुसरे हार्मोन पुरेसे तयार होत नाही आणि नुसत्या युरियावर भात माजावा तसे अस्तर जाड होत जाते. पाळी जाण्याच्या सुमारास हे अधिक घडते. लठ्ठपणातही घडते, कारण चरबीतूनही एस्ट्रोजेन तयार होते. मुख्य लक्षण म्हणजे अवेळी किंवा अति रक्तस्राव. पाळी जाऊन वर्ष उलटल्यावर रक्ताचा एक डाग जरी दिसला, तरी तो डॉक्टरांना सांगितलाच पाहिजे.

सोनोग्राफीत अस्तराची जाडी कळते. पाळी गेलेल्या स्त्रीला रक्तस्राव होत असेल आणि जाडी ४ मिलिमीटरहून अधिक असेल, तर अस्तराचा तुकडा काढून तपासतात. खरा निर्णय त्या तुकड्यावर होतो. पेशी बिघडलेल्या नसतील, तर पुढील २० वर्षांत कर्करोग होण्याचा धोका शेकडा ५ हून कमी असतो. प्रोजेस्टेरॉनच्या जातीचे औषध निदान ६ महिने घेतल्यास बहुतेकींचे अस्तर पूर्ववत होते. त्यानंतर पुन्हा तपासणी हवी. पेशी बिघडल्या असतील, तर धोका मोठा. तेथे बहुधा गर्भाशय काढण्याचा सल्ला मिळतो. तो टाळू नये.

मात्र तुकडा न तपासताच 'पिशवी काढून टाका' असे कोणी म्हटले, तर दुसऱ्या डॉक्टरांचे मत घ्यावे. बीड जिल्ह्यातील ऊसतोड स्त्रियांच्या अशा शस्त्रक्रियांची २०१९ साली सरकारला चौकशी करावी लागली, हे विसरू नये.

काही भगिनी हार्मोनच्या गोळ्या पाप समजून टाळतात. त्यांनी निश्चिंत असावे. पोप सहावे पॉल यांच्या १९६८ च्या 'ह्युमाने व्हिते' या परिपत्रकातच म्हटले आहे, की शरीराच्या रोगावर आवश्यक असलेला उपचार, त्यामुळे गर्भधारणेस अडथळा येणार असला तरी, निषिद्ध नाही. मात्र हेतू उपचाराचाच हवा. शंका असल्यास आपल्या धर्मगुरूंना विचारावे.

बंधूंनो, घरातली स्त्री हे आपण होऊन सांगणार नाही. सुगीची गडबड सुरू होण्याआधी तुम्हीच विचारा, आणि तपासणीला तिच्याबरोबर जा.