राजा झोपला होता!

मैत्रिणींनो, या वेळी मला एका परीकथेशी भांडायचं आहे. 'सिनेमाच तर आहे, त्यावर एवढं काय' असं आमच्या बैठकीतही दोघीतिघी म्हणाल्याच. पण वस्तीतल्या किशोरी गटाच्या मुलींनी तो डोळे मोठे करून पाहिला आणि नंतर त्या जे बोलल्या, ते ऐकून मला गप्प बसवेना.

सिनेमा २०१९ सालचा, 'मॅलेफिसंट : मिस्ट्रेस ऑफ ईव्हिल'. याचा पहिला भाग २०१४ साली आला तेव्हा मी एम.एस.डब्ल्यू. करत होते. वसतिगृहातल्या आम्ही पाचजणी मिळून गेलो होतो. झोपी गेलेल्या राजकन्येची जुनीच गोष्ट, पण शाप देणाऱ्या परीच्या बाजूने सांगितलेली. ती शाप का देते? स्टीफन हा तिचा लहानपणापासूनचा सोबती. तो प्रेमाने जवळ येतो, गुंगीचं औषध पाजतो आणि ती झोपेत असताना तिचे पंख कापून नेतो. ते पंख दाखवून त्याला राजमुकुट मिळतो. जाग आल्यावर ती जी किंकाळी फोडते, ती आम्हा पाचहीजणींना ओळखीची वाटली. हा प्रसंग बलात्काराचं रूपक आहे याची आपल्याला आणि लेखिकेला पूर्ण जाणीव होती, असं अँजेलिना जोलीने त्याच वर्षी बीबीसीच्या बायकांसाठीच्या रेडिओ कार्यक्रमात सांगितलं. आम्हाला ते कुणी सांगायची गरज पडली नव्हती. पुढे राजपुत्राच्या चुंबनाने काहीच होत नाही आणि शाप उतरतो तो या पंख कापलेल्या बाईने मुलीच्या कपाळाचा मुका घेतल्यावर. एवढ्या मोठ्या कंपनीच्या सिनेमात हे पाहायला मिळालं म्हणून आम्ही परतताना रस्ताभर बोलत होतो.

त्या सिनेमाने जगभरात ७५ कोटी डॉलरच्या वर कमावले. मग दुसरा भाग येणारच.

या दुसऱ्या भागात किती गर्दी आहे म्हणून सांगू! अरोराचं लग्न ठरतं, राजवाड्यात जेवण होतं, तिथे राजा शापाने झोपी जातो, आळ मॅलेफिसंटवर येतो, तिला लोखंडाची गोळी लागते, ती समुद्रात पडते, तिच्यासारख्याच पंखवाल्यांची एक अख्खी जमात तिला सापडते, त्यांच्यात युद्ध हवं म्हणणारा एक आणि शांतता हवी म्हणणारा एक, शिवाय तळघरातली प्रयोगशाळा, परीलोकाला मारणारी लाल भुकटी, प्रार्थनाघरात कोंडलेल्या पऱ्या, मोठी लढाई, मॅलेफिसंटची राख, राखेतून अग्निपक्षी आणि लगोलग लग्न. दोन तासांत एवढं कोंबल्यावर कुणाचंच काही नीट कळत नाही. एकटीच्या जखमेवर उभी राहिलेली गोष्ट होती ती. आता आपण कोण हे तिला दोन पुरुष समजावून सांगतात आणि ती जखमी अवस्थेत ऐकत राहते. पंख कापण्याची आठवणसुद्धा या भागाला नकोशी झालेली दिसते.

पण माझं खरं भांडण गर्दीशी नाही. या गर्दीत गुन्हेगार कोण ठरतो, त्याच्याशी आहे. पहिल्या भागात हिंसा करणारा पुरुष होता आणि त्यातून त्याला सत्ता मिळत होती, हे स्पष्ट होतं. दुसऱ्या भागात सगळं पाप एकटीच्या डोक्यावर: राणी इंग्रिथ, म्हणजे अरोराची होणारी सासू. राजा बिचारा भला माणूस, पहिल्या जेवणालाच झोपतो आणि युद्ध होऊन जाईपर्यंत झोपलेलाच. मुलगा फिलिप सज्जन, त्याला आईचं काहीच ठाऊक नसतं. सैनिक हुकमाचे ताबेदार. उरली कोण? सासू! शंभर मालिकांत पाहिलेलं तेच ते, फक्त इथे नऊवारीच्या जागी मोत्यांनी मढवलेला झगा.

इंग्रिथच्या माहेरच्या राज्यात दुष्काळ पडलेला असतो, मदत मागायला गेलेला भाऊ मारला जातो. हे ती घाईघाईने चार वाक्यांत सांगते आणि सिनेमा पुढे पळतो. खरी गोष्ट तर इथेच होती. मुकुट नवऱ्याचा, वारस मुलगा. मग या बाईने आपला राग आणि आपली हुशारी वापरायची कुठून? तळघरातून, जेवणाच्या टेबलावरून, मुलाच्या लग्नातून. आपल्या घरांत बाईला सत्ता मिळते तीही अशीच, उसनी आणि आडवाटेने. मिशेल फायफरसारखी अभिनेत्री हाताशी असून हे दाखवलं नाही, याची मला सर्वांत जास्त चीड येते.

इथे एक कबुली दिली पाहिजे. आमच्या समुपदेशन केंद्रातल्या अर्जात 'तक्रारीचं कारण' असा रकाना आहे. पहिली दोन-तीन वर्षं मी त्यात बिनदिक्कत 'सासूचा जाच' लिहीत होते. येणारी बाई तसंच सांगायची, मी तसंच उतरवायची. एकदा एका बाईबरोबर तिसऱ्या भेटीत शांतपणे बसले तेव्हा कळलं, की तिचा पगार नवरा काढून घेतो, घर सासऱ्याच्या नावावर, आणि सासूला स्वतःच्या औषधाचे पैसेही मागून घ्यावे लागतात. सासू शिव्या देत होती हे खरंच. पण मी कागदावर नवऱ्याला आणि सासऱ्याला झोपवून टाकलं होतं.

म्हणजे सासवांना सोडून द्या असं मी म्हणतेय का? मुळीच नाही. आपलं जुनं ४९८-अ, जे जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं ८५ वं कलम झालं, त्यात नवरा आणि त्याचे नातेवाईक असे दोघेही आहेत. सुनेच्या अंगावर रॉकेल ओतणाऱ्या हातांत बाईचे हात असतात, हे आपणच मोर्च्यांमधून सांगितलं. पण नवऱ्याचं नाव गाळून नव्हे.

मुलींना आम्ही हिंदीतला लावला होता. मॅलेफिसंटला आवाज ऐश्वर्या राय बच्चनचा, त्यामुळे त्या आधीच खूश. शेवटी इंग्रिथची शेळी होते तेव्हा खोलीभर टाळ्या पडल्या. "बरं झालं म्हातारीचं!" एकजण ओरडली. मॅलेफिसंट निघताना अरोराला बारशाला येईन म्हणून सांगते, तेव्हाही सगळ्या हसल्या. लग्नाला घटका झाली नाही तर बारसं! राज्य कोण चालवणार, हे कुणीच बोलत नाही. मी चर्चेत विचारलं, "चूक कुणाची?" एका सुरात उत्तर आलं, "सासूची." "आणि राजाची?" जरा वेळ कुणी बोललं नाही. मग नववीतली एक म्हणाली, "ताई, तो तर झोपला होता ना."

पुढच्या महिन्यात पहिला भाग लावतोय. अर्जातला तो रकानाही आम्ही बदलला आहे. आता तिथे घर कुणाच्या नावावर आणि पगार कुणाच्या हातात, हे आधी विचारतो.