एका रात्रीत नको!

डेटाबेस मायग्रेशन म्हटलं की आपल्या वर्गात सगळ्यांची आवडती पद्धत एकच. शनिवारी रात्री स्क्रिप्ट चालवायची, जुना डेटा नव्या टेबलांत ओतायचा आणि सोमवारी जुनी सिस्टिम कायमची बंद! याला 'बिग बँग' म्हणतात. सोपं आहे, सबमिशनला पुरेसंही आहे. पण जिथे डेटा म्हणजे माणसाची जमीन असते, तिथे हे चालणार नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

उदाहरण आपल्या घरातलंच, सातबारा. (मी कॉन्व्हेंटची. 'पोटखराबा' म्हणजे काय ते आजोबांना विचारावं लागलं. हसू नका!) हस्तलिखित सातबारा कॉम्प्युटरवर आणणं म्हणजे नुसतं टायपिंग नव्हे. समजा, जुन्या कागदावर तीन एकर आहेत, तिघा भावांचा एकेक एकर. एक एकर म्हणजे ४०.४७ आर. प्रत्येकाच्या नावे ४० आर लिहिले तर बेरीज १२०. तीन एकर एकदम बदलले तर १२१. मधला एक आर, म्हणजे १०० चौरस मीटर, गेला कुठे? आपल्यासाठी ती राउंडिंग एरर. बांधावरून भांडणाऱ्या भावांसाठी कोर्टाची तारीख!

स्क्रिप्ट काय सांगते? जुन्यात जेवढ्या ओळी होत्या तेवढ्याच नव्यात आल्या. पण ओळीतलं नावच चुकलं असेल तर ते कळणार कोणाला? ज्याचं नाव आहे त्यालाच. म्हणून २०१७ साली राज्यात झालेलं चावडी वाचन मला फार हुशारीचं वाटतं. तलाठ्याने कॉम्प्युटरवरचा सातबारा गावासमोर वाचायचा, खातेदाराने चूक दाखवायची, मग हस्तलिखिताशी ताडून दुरुस्ती करायची. टेस्टिंग म्हणतात ते आणखी काय असतं? डिजिटल सहीचे सातबारे मिळू लागले ते त्यानंतर, १ मे २०१८ पासून.

यात वर्षं गेली, असं मित्र म्हणतात. गेलीच. तरी चुका उरल्या आणि त्यांच्यासाठी जमीन महसूल संहितेच्या कलम १५५ खाली अर्ज करत चपला झिजवाव्या लागतात, हेही खरं. पण जुना कागद शाबूत आहे म्हणून निदान चूक सिद्ध तरी करता येते! बिग बँगवाल्यांनी याचं उत्तर द्यावं.

आणि २०२३ मध्ये आपला जिल्हा उस्मानाबादचा धाराशिव झाला, तेव्हा ज्यांनी जिल्ह्याचं नावच प्रायमरी की केलं असेल त्यांचं काय झालं असेल? गाड्यांवरचा एमएच २५ मात्र जागचा हलला नाही. कोड आणि नाव वेगळं ठेवायचं ते यासाठीच.

आमच्या ग्रुपने प्रोजेक्टला लायब्ररीचं रजिस्टर घेतलंय. जुनं रजिस्टर एक अख्खं सेमिस्टर सोबत चालवायचं आणि दर शनिवारी दोन्ही ताडून बघायची, असं मी सुचवलंय. ग्रुपमधले दोघे म्हणतात, डबल काम आहे. आहेच!