पांडा आणि तपकिरी अस्वल

हल्लीं मुलांच्या उशाशीं कापसाचा काळापांढरा पांडा असतो, आणि "हें अस्वलच का?" असें त्यांनीं विचारलें कीं घरांतील वडील मंडळींत दोन तट पडतात. केवळ बांबूवर राहणारें तें अस्वल कसलें, असें एक पक्ष म्हणतो. दुसरा रूपाकडे बोट दाखवितो. हा वाद आपल्या ओटीवरचाच नव्हे. पंडितांतही तो शंभरांवर वर्षें चालला.

इ. स. १८६९ मध्यें चीनच्या सेचुआन प्रांतांत आर्मां दाविद या फ्रेंच मिशनऱ्यास या प्राण्याचें कातडें मिळालें. त्यानें त्यास अस्वलांत गणलें. पुढच्याच वर्षीं पॅरिसच्या मिल्न-एडवर्ड्स यांनीं हाडें व दांत पाहून त्याचें नातें हिमालयांतील लहान तांबड्या पांड्याशीं जोडलें. १९६४ सालीं डेव्हिस यांनीं शरीररचनेवरून, आणि १९८५ सालीं रेणूंच्या परीक्षेनें इतरांनीं, तो अस्वलकुळांतीलच असल्याचें दाखविलें. मात्र त्या कुळांतून त्याची शाखा फार पूर्वीं, इतर सर्व हयात अस्वलांच्या आधीं, फुटली.

तपकिरी अस्वलाचें शास्त्रीय नांव 'उर्सुस आर्क्टोस'. पहिला शब्द लॅटिन, दुसरा ग्रीक. दोहोंचा अर्थ अस्वल, आणि दोन्ही आपल्या 'ऋक्ष' शब्दाचे सगोत्र. सप्तर्षींस पूर्वीं ऋक्ष म्हणत, असें शतपथ ब्राह्मणांत आहे. ग्रीकांसही तेथें अस्वलच दिसलें. विषयांतर झालें खरें, पण शब्दांचीं कुळें प्राण्यांच्या कुळांहून कमी मनोरंजक नसतात.

आपल्याकडे हें अस्वल काश्मीर व हिमाचलच्या उंच पहाडांत आहे; सह्याद्रींतलें काळें अस्वल निराळें. मुळें, फळें, किडे, मासे, मेलेलें जनावर, जें मिळेल तें त्यास चालतें. शरदांत तें खाऊन लठ्ठ होतें व हिवाळ्याचे कित्येक महिने अन्नपाण्यावांचून गुहेंत पडून राहतें.

पांड्यास ही निद्रा परवडत नाहीं. बांबूवर तेवढी चरबी सांठतच नाहीं. म्हणून थंडींत तो फार तर खालच्या उतारावर येतो आणि चावीत राहतो. दिवसाचे दहा ते चौदा तास त्याचे खाण्यांत जातात. शाकाहारी घरांत त्याचें 'सात्त्विक प्राणी' म्हणून कौतुक होतें, तें आम्हांस पटत नाहीं. त्याचें आंतडें अद्याप मांसाहाऱ्याचें, आंखूड आहे. खाल्लेल्या बांबूचा पंचमांशही त्यास पचत नाहीं, आणि मेलेलें जनावर आढळल्यास तो तोंड लावतो. बदल झाला तो दाढा, जबडा आणि हात यांत. दाढा रुंद झाल्या, जबडा बळकट झाला, व मनगटाचें एक हाड वाढून आंगठ्यासारखें झालें. पांच बोटें आणि हा सहावा 'आंगठा' यांत बांबू धरून तो सोलतो, तें पाहण्यासारखें असतें.

पिलांतही फरक आहे. तपकिरी अस्वलाचें नवजात पिलूं सुमारें अर्धा किलो भरतें. पांड्याचें अवघें शंभर ग्रॅम, म्हणजे आईच्या वजनाचा सुमारें नऊशेवा हिस्सा.

बांबूची गोष्ट मात्र भयंकर आहे. कित्येक दशकांनीं एका जातीचा सारा बांबू एकदम फुलतो व मरतो. १९७० नंतरच्या दशकांत मिन पर्वतांत असें झालें तेव्हां अनेक पांडे उपासमारीनें मेले. तपकिरी अस्वलाचें एक अन्न हुकलें तर दुसरें असतें. पांड्यास दुसऱ्या जातीचा बांबू असलेला डोंगर गांठावा लागतो, आणि मधल्या दऱ्यांत आतां शेतें व सडका आल्या आहेत. चीनच्या २०१४ पर्यंतच्या गणनेंत रानांतील पांडे १८६४ भरले. २०१६ सालीं आंतरराष्ट्रीय यादींत त्यांस 'संकटग्रस्त' वर्गांतून एक पायरी सौम्य वर्गांत घातलें, आणि २०२१ सालीं सेचुआन, शान्शी व कान्सू या तीन प्रांतांतील तुटक रानें एका राष्ट्रीय उद्यानाखालीं आणलीं गेलीं.