दाखला कुणी द्यायचा?

वसई रोड स्थानकाबाहेर शिकवणी वर्गांच्या पाट्यांची दाटी काही नवी नाही. एकेकाळी त्यांवर दहावी, बारावी आणि टंकलेखन एवढेच शब्द असत. आता त्यांच्या शेजारी ‘आयईएलटीएस’ आणि ‘टोफेल’ ही नावे येऊन बसली आहेत. परदेशी विद्यापीठात प्रवेश हवा असो की ब्रिटन-आयर्लंडच्या रुग्णालयात परिचारिकेची नोकरी, इंग्रजी येते हे आधी सिद्ध करावे लागते. त्यासाठीच्या परीक्षेचे शुल्क १५ हजार रुपयांच्या वर, शिकवणीचा खर्च निराळा आणि हाती पडणाऱ्या गुणपत्रिकेचे आयुष्य अवघे दोन वर्षे. मुदत संपली की तोच विद्यार्थी, तेच इंग्रजी, परंतु शुल्क नव्याने.

हा व्यवहार किती मोठा आहे याची कल्पना एका सौद्यावरून येते. ‘टोफेल’ ही अमेरिकेची परीक्षा १९६४ पासूनची. ‘आयईएलटीएस’ आजच्या नावाने सुरू झाली ती १९८९ मध्ये, ब्रिटिश आणि ऑस्ट्रेलियन संस्थांच्या भागीदारीत. या भागीदारांपैकी ब्रिटिश कौन्सिलने भारतातील आपला परीक्षा-व्यवसाय २०२१ साली ऑस्ट्रेलियाच्या आयडीपी या कंपनीला १३ कोटी पौंडांना विकला. इंग्लंडच्या संस्थेने विकले, ऑस्ट्रेलियाच्या कंपनीने घेतले आणि मालाची किंमत ठरली ती भारतीय तरुण भरत असलेल्या शुल्कावरून!

विरारचे विवा, वसईचे वर्तक किंवा संत गोन्सालो गार्सिया महाविद्यालय येथून मुंबई विद्यापीठाची पदवी घेणारा वाणिज्य वा विज्ञान शाखेचा विद्यार्थी बहुतेक वेळा सारा अभ्यास इंग्रजीतून करतो आणि उत्तरपत्रिकाही इंग्रजीतच लिहितो. काही परदेशी विद्यापीठे महाविद्यालयाचे तसे पत्र मान्य करतात, अनेक करीत नाहीत. १८५७ साली लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर स्थापन झालेल्या विद्यापीठाच्या पदवीधराला आपले इंग्रजी पुन्हा तपासून घ्यावे लागावे, यातला उपरोध कुणाच्याही ध्यानात येईल. ज्या वसईत ३१ डिसेंबर १८०२ रोजी दुसऱ्या बाजीरावाने इंग्रजांशी तह करून स्वातंत्र्य गहाण टाकले, तेथील माणसाला तर तो अधिकच बोचावा.

परंतु साम्राज्यवादाच्या नावाने बोटे मोडून हा प्रश्न सुटणार नाही. आनंदीबाई जोशी १८८३ मध्ये अमेरिकेला गेल्या तेव्हा त्यांच्याजवळ असला कोणताही दाखला नव्हता. त्यांनी लिहिलेले इंग्रजी पत्र हीच त्यांची परीक्षा ठरली. आज लाखो अर्ज येतात. प्रत्येकाचे पत्र वाचून पारख करणे कुणालाही शक्य नाही. तेव्हा सर्वांना एकच मोजपट्टी लावणारी परीक्षा असणे गैर नाही. प्रश्न आहे तो आपल्या मोजपट्टीवर जगाचा विश्वास का नाही, हा. त्याचे उत्तर लंडन वा न्यू जर्सीत शोधण्याआधी पुण्याच्या शिक्षण मंडळात शोधावे लागेल.

महाराष्ट्राने २००० सालापासून मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आणले. निर्णयावर वादळ उठले, पण तो टिकला. म्हणजे त्या वर्षी पहिलीत बसलेले मूल आज तिशीत आहे. दहा वर्षे इंग्रजी शिकून दहावी झालेल्या मुलाला चार वाक्ये सलग बोलता येत नसतील, तर दोष मातृभाषेच्या माध्यमाचा खासच नाही. हा विषय शिकवला कसा आणि तपासला कसा, येथे खरे दुखणे आहे. परदेशी परीक्षेत ऐकणे, बोलणे, वाचणे आणि लिहिणे या चारही गोष्टी तपासल्या जातात. आपल्याकडे बोलण्याची परीक्षा म्हणजे शाळेने स्वहस्ते वाटायचे २० गुण.

या २० गुणांची कहाणी मंडळाच्याच निकालांत नोंदलेली आहे. मार्च २०१८ मध्ये दहावीचा निकाल ८९.४१ टक्के होता. पुढील वर्षी नवा आराखडा आला, भाषा विषयांचे अंतर्गत गुण काढून घेतले गेले आणि निकाल ७७.१० टक्क्यांवर घसरला. ओरड झाली, गुण परत आले आणि २०२० मध्ये निकाल ९५.३० टक्क्यांवर पोहोचला. नवा अभ्यासक्रम वगैरे कारणे जमेस धरली तरी त्या गुणांचे मोल काय होते हे यातून पुरेसे कळते. ज्या परीक्षेत नापास होणे जवळजवळ अशक्य असते, तिच्या दाखल्यावर परका माणूस कशाला विसंबेल? मंडळाने मुलाला २० गुण फुकट दिले आणि त्याची किंमत पुढे बापाने १५ हजारांत मोजली.

आपली मोजपट्टी दुसऱ्याच्या हाती असण्याचा धोका पैशापुरता नसतो. ब्रिटनमध्ये २०१४ साली ‘टोइक’ या इंग्रजी परीक्षेतील लबाडी बीबीसीने उघड केली. गुन्हेगार होतेच. परंतु तेथील गृहखात्याने सुमारे ३४ हजार परीक्षार्थींच्या निकालांवर ठपका ठेवला आणि त्यात निरपराध विद्यार्थीही भरडले गेले. त्यांत अनेक भारतीय होते. शुल्क बुडाले, शिक्षण तुटले आणि कपाळी लबाडीचा शिक्का आला. पुढे वर्षानुवर्षे न्यायालयांचे उंबरठे झिजवावे लागले.

या व्यवस्थेतील एक गोष्ट मात्र खुशाल उचलावी अशी आहे. अमेरिकेत १९६७ पासून ‘क्लेप’ नावाच्या परीक्षा होतात. विषय घरी शिकला, नोकरीत शिकला की ग्रंथालयात बसून शिकला, हे कुणी विचारीत नाही. परीक्षा उत्तीर्ण झाली की ती मानणारी महाविद्यालये त्या विषयाचे श्रेयांक देतात. तेथील सैनिकांसाठी तर हे शुल्क सरकार भरते. ज्ञान कुठून आले यापेक्षा ते आहे की नाही हे पाहण्याची ही रीत आपल्या परंपरेला परकी वाटण्याचे कारण नाही.

आपल्याकडे त्याची सामग्री जमली आहे. यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाने १९८९ पासून औपचारिक शिक्षण सुटलेल्यांसाठी दार उघडले. ‘स्वयम्’वरील अभ्यासक्रमांचे श्रेयांक पदवीत ४० टक्क्यांपर्यंत धरण्याची मुभा २०२१ च्या नियमांनी दिली. त्याच वर्षी श्रेयांक पेढी आली, २०२३ मध्ये राष्ट्रीय श्रेयांक आराखडा आला आणि अनुभवातून मिळालेले शिक्षणही मोजण्याचे तत्त्व त्याने मान्य केले. तत्त्व कागदावर आहे. अर्नाळ्याच्या ज्या तरुणाने बारावीनंतर शिक्षण सोडून बोटीचा हिशेब, बर्फ-डिझेलची उधारी आणि मासळीचा लिलाव सांभाळला, त्याने वाणिज्य शाखेत यावे म्हटले तर त्याला प्राथमिक लेखाशास्त्राच्या वर्गात पहिल्या बाकावरच बसवले जाईल. परीक्षा घ्या आणि येत असेल तर श्रेयांक द्या, एवढे सांगणारी खिडकी त्याच्या महाविद्यालयात सहसा सापडत नाही.

ती उघडण्याचा अधिकार विद्यापीठाला आहे आणि आरंभासाठी लेखाशास्त्र, संगणक, इंग्रजी असे दोन-तीन विषय पुरेत. दहावीच्या इंग्रजी तोंडी परीक्षेसाठी परीक्षक दुसऱ्या शाळेचा असावा आणि प्रत्येक विद्यार्थ्याचे बोलणे ध्वनिमुद्रित करून त्यातील काही नमुने मंडळाने फेरतपासावेत, यालाही फार मोठा खर्च नाही. पहिल्या वर्षी निकाल घसरेल. पालक रस्त्यावर येतील, आमदार विधिमंडळात प्रश्न विचारतील. २०१९ मध्ये याच टप्प्यावर सरकारचे पाय लटपटले होते.