जर्मन गुणांसाठी, अर्थशास्त्र नाइलाजाने

अकरावीचे प्रवेश सुरू झाले की पुण्या-मुंबईतल्या सुशिक्षित घरांत एक हिशेब मांडला जातो. मराठीत गुण जातात, जर्मनमध्ये पैकीच्या पैकी पडू शकतात. तेव्हा मराठी सोडायची आणि जर्मन घ्यायची. दोन वर्षे मूल क्रियापदांची रूपे घोकते. बारावीचा निकाल लागतो आणि जर्मनची पुस्तके रद्दीत जातात. अर्थशास्त्राचा मान याहून फार मोठा नाही. अभियांत्रिकी, वैद्यकी, सीए यांपैकी काही जमले नाही, किंवा स्पर्धा परीक्षेला बरे पडेल म्हणून बहुतेक मुले त्याकडे वळतात. आणि एखाद्या मुलीने सांगितले की मला पदवीला अर्थशास्त्र आणि जर्मन ही दोन्ही जोडीने शिकायची आहेत, तर आई-वडील, मामा, शेजारी सगळे एकच विचारतात : त्याचा पुढे उपयोग काय?

माझा आरोप या प्रश्नावर आहे. तो मायेपोटी विचारला जातो हे मी जाणतो. पण उपयोग म्हणजे आपल्या एका घराचा उपयोग, एवढाच अर्थ आपण शिल्लक ठेवला आहे. गावाला, कामगाराला, शेतकऱ्याला या शिक्षणाचा काही उपयोग आहे का, हे विचारणारा माणूस आज कोणत्या घरात सापडतो? ज्या महाराष्ट्राने हा प्रश्न कधी काळी सगळ्यांत आधी विचारला, त्या महाराष्ट्राने तो टाकून द्यावा, याला मी नैतिक अधःपतन म्हणतो.

१८९२ साली पुण्याच्या डेक्कन कॉलेजात न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी हिंदुस्थानच्या अर्थशास्त्रावर व्याख्यान दिले. त्या काळी इंग्लंडातून आलेला खुल्या व्यापाराचा सिद्धान्त वेदवाक्यासारखा मानला जात होता. जे इंग्लंडच्या गिरण्यांच्या सोयीचे, तेच सर्व जगाच्या हिताचे, असे आपल्या तरुणांना वर्गावर्गांतून शिकवले जाई. रानड्यांनी त्याला आव्हान दिले आणि त्यासाठी आधार घेतला तो जर्मन विचारवंतांचा. फ्रीडरिश लिस्टचा ग्रंथ १८४१ साली जर्मनीत निघाला होता. प्रत्येक राष्ट्र आपापल्या इतिहासाच्या वेगळ्या टप्प्यावर उभे असते, म्हणून पुढे गेलेल्या राष्ट्राचा नियम मागे पडलेल्या राष्ट्रावर लादता येत नाही, नव्या उद्योगांना काही काळ संरक्षण द्यावेच लागते, असे लिस्टचे म्हणणे. राज्यकर्त्याने शिकवलेले अर्थशास्त्र हे एकमेव अर्थशास्त्र नव्हे, हे रानड्यांनी ओळखले ते या दुसऱ्या विचारपरंपरेची ओळख होती म्हणून.

पुढच्या पिढीतले जिज्ञासू तर थेट त्या भाषेपर्यंत पोहोचले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी कोलंबिया विद्यापीठात अर्थशास्त्राचा ढीगभर अभ्यास करत असतानाच प्राथमिक जर्मनचा वर्गही केला. १९२१ साली त्यांनी बॉन विद्यापीठात नाव नोंदवले. पैशांची चणचण, लंडनचे अपुरे राहिलेले काम, घरची जबाबदारी, एवढे सगळे असताना हा माणूस आणखी एका देशाच्या विद्यापीठाचा दरवाजा ठोठावत होता. तिथला अभ्यास पुरा होऊ शकला नाही; १९२३ साली रुपयाच्या प्रश्नावरचा त्यांचा ग्रंथ लंडनहून प्रसिद्ध झाला. झाकीर हुसेन यांनी १९२६ साली बर्लिनमधून अर्थशास्त्रात डॉक्टरेट मिळवली आणि विषय घेतला ब्रिटिश हिंदुस्थानातल्या शेतीव्यवस्थेचा. राममनोहर लोहियांनी त्याच बर्लिनमध्ये मिठावरच्या कराचा अभ्यास केला आणि १९३३ साली डॉक्टरेट घेतली. परक्या भाषेत शिकताना या माणसांनी निवडलेले विषय पाहा : रुपया, शेती, मीठ. त्यांचे शरीर परदेशात होते आणि प्रश्न मात्र आपल्या लोकांचे होते.

त्यांच्या नावाच्या जयंत्या आपण करतो. त्यांच्यासारखा प्रश्न घेऊन विद्यापीठात जाणाऱ्या मुलीला मात्र ‘वेडेपणा करू नकोस’ म्हणून घरी बसवतो. ही आपली दुटप्पी भक्ती आहे.

आता एक उदाहरण सविस्तर सांगतो, कारण ते महाराष्ट्राच्या गावागावांत आजही उभे आहे. खेडोपाडी ‘सोसायटी’ असते. पीककर्ज तिथून मिळते, निवडणुका तिच्या होतात, भांडणे तिच्यावरून होतात. या सोसायटीचे मूळ जर्मनीतल्या वेस्टरवाल्ड या गरीब डोंगराळ भागात आहे. १८४६-४७ च्या हिवाळ्यात तिथे उपासमार पसरली होती. वायरबुश गावाचे महापौर फ्रीडरिश विल्हेल्म राइफायझन यांनी गरिबांना उधारीवर धान्य-पीठ मिळावे म्हणून लोकांची मंडळी उभी केली. त्या अनुभवातून त्यांना कळले की नुसत्या दानाने सावकाराचा पाश सुटत नाही. शेतकऱ्यांनी एकमेकांची हमी घेतली तरच तो सुटतो. १८६४ साली हेडेसडॉर्फला त्यांनी शेतकऱ्यांची पतसंस्था काढली. तिचे नियम कडक होते. सभासद एकाच परिसरातले, एकमेकांना ओळखणारे. प्रत्येकाची जबाबदारी अमर्याद, म्हणजे एकाने बुडवले तर सगळ्यांनी भरायचे. पदाधिकाऱ्यांनी बिनपगारी काम करायचे. नफा वाटून न घेता राखीव निधीत टाकायचा. कर्ज द्यायचे ते उत्पादक कामासाठी.

इकडे १८७५ साली सुप्यापासून सुरू होऊन पुणे आणि नगर जिल्ह्यांत शेतकऱ्यांनी सावकारांविरुद्ध उठाव केला होता, कर्जखते जाळली होती. सरकारला उपाय शोधणे भाग पडले. मद्रास सरकारने फ्रेडरिक निकल्सन यांना युरोपातल्या या संस्थांच्या अभ्यासाला लावले आणि त्यांचा कल स्पष्टपणे राइफायझनच्या बाजूने पडला. १९०४ साली सहकारी पतसंस्थांचा कायदा झाला तेव्हा ग्रामीण संस्थांसाठी अमर्याद जबाबदारीचे तत्त्वही त्यात आले. पुढे प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटलांच्या बरोबरीने सहकारी साखर कारखान्यासाठी उभे राहिले ते धनंजयराव गाडगीळ, म्हणजे पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे प्रमुख. अर्थशास्त्रज्ञ शेतकऱ्यांमध्ये जाऊन बसत होता, असा तो काळ होता.

आज त्या सहकाराची काय अवस्था आहे, हे सोसायटीच्या दारात उभ्या असलेल्या कोणत्याही शेतकऱ्याला विचारावे. कर्ज कुणाला मिळायचे ते पुढारी ठरवतात, बुडीत कर्जे बड्यांची असतात, जिल्हा बँका डबघाईला येतात आणि लहान शेतकरी पुन्हा खासगी सावकाराच्या ओट्यावर जातो. अशा वेळी कुणी तरी मुळाशी जायला हवे होते. एकमेकांवरच्या जबाबदारीचे तत्त्व आपण कधी आणि का सोडले? बिनपगारी पदाच्या जागी सत्तेची खुर्ची कशी आली? जर्मनीतल्या राइफायझनच्या बँका आजवर कशा टिकल्या, त्यांचे हिशेब कोण तपासते, कर्ज फेडू न शकणाऱ्याचे ते काय करतात? ही उत्तरे जर्मन कायद्यांत, अहवालांत, लेखापरीक्षणाच्या नियमांत आहेत. ती वाचायला जर्मन येणारा अर्थशास्त्रज्ञ लागतो. सहकाराच्या जिवावर तीन पिढ्या राजकारण करणाऱ्या या राज्यात असे किती विद्यार्थी आपण घडवले? विद्यापीठात सहकार हे पाच गुणांच्या टिपेइतके उरले आहे, आणि ती टीपही गाइडमधून पाठ केलेली असते.

याला कुणी म्हणेल की आता तर महाराष्ट्र जर्मन शिकायला सरसावला आहे. खरे आहे. २०२४ साली राज्य सरकारने जर्मनीच्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी करार केला. पहिल्या टप्प्यात १०,००० कुशल तरुण पाठवायचे ठरले. त्याच वर्षी जर्मनीने भारतीय कुशल कामगारांसाठीच्या व्हिसांची वार्षिक मर्यादा २०,००० वरून ९०,००० वर नेली. तिथल्या विद्यापीठांतले परदेशी विद्यार्थी मोजले तर सर्वांत मोठा गट आता भारतीयांचा आहे. २०२३-२४ मध्ये ते ५०,००० च्या घरात होते.

जाणाऱ्यांना मी दोष देत नाही. परिचारिका होऊन तिकडे गेलेल्या मुलीच्या पगारावर इकडे धाकट्यांची शिक्षणे होतात, घरावरचे पत्रे जाऊन स्लॅब येतो. तिच्या कष्टापुढे मी मान झुकवतो. दोष पाठवणाऱ्यांचा आहे. आपण तिला बी१ पातळीपर्यंत भाषा देतो, म्हणजे रुग्णाचे दुखणे समजेल आणि वरिष्ठांची सूचना कळेल इतकी. तिचा करार, तिचा कर, तिचा विमा, तिच्या संघटनेचा हक्क समजून घेण्याची शक्ती तिला कोण देणार? जर्मनीत पाच कायम कामगार असलेल्या आस्थापनेतसुद्धा कामगारांना आपली समिती निवडता येते. २,००० हून अधिक कर्मचारी असलेल्या कंपन्यांच्या पर्यवेक्षक मंडळावर निम्म्या जागा कामगारांच्या प्रतिनिधींना देणारा कायदा तिथे १९७६ पासून आहे. हे आपल्या जाणाऱ्या तरुणांना कुठल्या वर्गात सांगितले जाते? आज्ञा समजण्यापुरती भाषा देऊन माणसे बाहेर धाडणे, ही मजूर पुरवठ्याची जुनीच रीत आहे.

आणि इथे राहिलेल्यांचे काय? चाकणच्या औद्योगिक पट्ट्यात जर्मन कंपन्या वर्षानुवर्षे आहेत. त्याच पट्ट्यात कंत्राटी कामगारांच्या फौजा सकाळी बसमधून उतरतात आणि कायम होण्याची वाट पाहत वय घालवतात. ज्या देशात कामगार संचालनावर देखरेख ठेवायला बसतो, त्या देशाचे भांडवल इथे आल्यावर आपल्या कामगाराचा आवाज कुठे जातो, हा अर्थशास्त्राचा प्रश्न आहे. कंपनीचा मूळ जर्मन अहवाल वाचून, तिथल्या कामगार संघटनांचे करार अभ्यासून, इथल्या पगारपत्रकाशी ताडून पाहणारे तरुण आपल्याकडे असते, तर आपल्या कामगार संघटना वाटाघाटीला रिकाम्या हाताने बसल्या नसत्या. कामगारांच्या मुलांना हे ज्ञान न देणाऱ्या समाजाने त्यांच्या हलाखीवर अश्रू ढाळू नयेत.

या सगळ्यात एक अन्याय असा आहे की तो बोलून दाखवायला आपल्याला लाज वाटते. जर्मन कुणाला मिळते? ज्याच्या घराजवळ मॅक्सम्युलर भवन आहे, ज्याच्या वडिलांना खासगी शिकवणी परवडते त्याला. बीडच्या, गडचिरोलीच्या, नंदुरबारच्या तालुक्याच्या महाविद्यालयात जर्मनचा शिक्षक शोधूनही सापडणार नाही. जर्मनीतली बहुतेक सरकारी विद्यापीठे शिक्षण शुल्क घेत नाहीत हे खरे. पण व्हिसासाठी विद्यार्थ्याच्या नावावर वर्षाच्या खर्चाचे ११,९०४ युरो, म्हणजे दहा लाख रुपयांहून अधिक, अडकवून ठेवलेले दाखवावे लागतात. ऊसतोडणीला जाणाऱ्या आई-बापाच्या मुलाने ते कुठून आणायचे? ज्या समाजातून आंबेडकर शिष्यवृत्तीवर परदेशी गेले, त्याच समाजात ज्ञानाचा दरवाजा पुन्हा बँकेतल्या शिलकीने उघडू लागला आहे.

महाविद्यालयांचे पाप वेगळे आहे. नव्या शैक्षणिक धोरणाने मुख्य विषयाबरोबर वेगळ्या शाखेचा गौण विषय घेण्याची मुभा कागदावर दिली. प्रत्यक्षात वेळापत्रक जुळत नाही, ‘वर्कलोड’ बसत नाही आणि जर्मन शिकवणारी व्यक्ती तासिका तत्त्वावर असते. पुढच्या वर्षी ती असेलच याची हमी नसते. तीन वर्षांचा अभ्यास अशा पायावर उभा राहत नाही. पुण्यात फर्ग्युसन रस्त्यावर रानड्यांच्या नावाची जी इन्स्टिट्यूट आहे, ती गोखल्यांच्या पुढाकाराने आर्थिक आणि औद्योगिक अभ्यासासाठी उभी राहिली. पुढे तिथे अनेक दशके परकी भाषा शिकवल्या गेल्या. गोखले अर्थशास्त्र संस्था तिथून फार लांब नाही. जर्मन शिकवणारी आणि अर्थशास्त्र शिकवणारी माणसे एकाच परिसरात आयुष्यभर वावरली आणि त्यांच्यात एक सामाईक पदवी आपण उभी करू शकलो नाही. याला पैशांची अडचण हे कारण नाही, इच्छाच नव्हती.

‘आता यंत्रे भाषांतर करून देतात, इंग्रजी पुरे आहे’ हे उत्तर मी रोज ऐकतो. यंत्र पुढ्यात ठेवलेल्या पानाचे भाषांतर करते. कोणते पान उघडायचे हे त्याला अभ्यासू माणसाने सांगावे लागते. आणि फक्त इंग्रजीतून जग पाहणारा विद्यार्थी इंग्रजीने निवडलेले जगच पाहतो. रानड्यांच्या काळात यातून देशाची लूट शहाणपण म्हणून शिकवली गेली होती. तो धडा इतक्या लवकर विसरणे आपल्याला परवडणारे नाही.

म्हणून माझ्या मागण्या सरळ आहेत. राज्यातल्या प्रत्येक मोठ्या विद्यापीठाने जर्मन आणि अर्थशास्त्र यांची सामाईक पदवी सुरू करावी. दोन्ही विषयांना कायम शिक्षक द्यावेत. शेवटच्या वर्षी प्रत्येक विद्यार्थ्याने जर्मन कागदपत्रांच्या आधारे महाराष्ट्राच्या एका प्रश्नावर मराठीत प्रबंध लिहावा. मनुष्यबळ पाठवण्यासाठी जर्मनचे वर्ग काढणाऱ्या सरकारने तालुक्याच्या मुलामुलींना याच पदवीसाठी निवासासह शिष्यवृत्ती द्यावी. सहकारी कारखाने आणि बँका यांनी आपल्या नफ्यातला वाटा राइफायझनचे लेखन आणि आजच्या जर्मन सहकारी कायद्याचे मराठी भाषांतर करायला द्यावा. ते त्यांचे देणे आहे. कामगार संघटनांनी या विद्यार्थ्यांना कामावर घ्यावे. आणि आई-वडिलांनी मुलीला ‘उपयोग काय’ असे विचारण्याआधी, आपण आजवर शिकलो त्याचा गावाला काय उपयोग झाला, याचे उत्तर स्वतः द्यावे.

एवढेही करायची तयारी नसेल तर सहकारमहर्षींच्या पुतळ्यांना हार घालणे आणि १४ एप्रिलला व्यासपीठावरून ‘शिका’ असे सांगणे आपण थांबवावे. ज्यांनी परक्या देशांत आपल्या माणसांसाठी अभ्यास केला, त्यांचे नाव घेण्याचा अधिकार तसाच अभ्यास करू इच्छिणाऱ्या मुलांना बळ देणाऱ्यांनाच असतो. तो अधिकार आपण गमावला आहे, आणि तो परत मिळवण्याची सुरुवात येत्या प्रवेशाच्या हंगामात, आपापल्या घरात करता येईल.