रस्ता कोणाच्या बापाचा?

“टॅक्स भरत नाहीस, मग रस्त्याच्या मधून कशाला चालवतोस?” हा प्रश्न महाविद्यालयात सायकलने येणाऱ्या प्रत्येकाने कधी ना कधी ऐकलेला असतो. मी तो सिग्नलपाशी हॉर्न वाजवणाऱ्या मोटारवाल्याकडून ऐकला आहे, आणि कँटीनमध्ये चहा पिता पिता मित्रांकडूनही. मोटारवाल्याशी वाद घालायला हिरवा दिवा सवड देत नाही. मित्रांशी मात्र घालता येतो. शिवाय प्रश्न पैशाचा आहे. तेव्हा तो रागाने न सोडवता हिशेबाने सोडवावा, हे बरे.

प्रथम प्रतिपक्षाचे जेवढे खरे आहे तेवढे मान्य करू. महाराष्ट्रात मोटार वाहन कर १९५८ च्या कायद्यान्वये घेतला जातो आणि सायकलवाला तो भरत नाही. पण सायकल कायमच करमुक्त होती असे मात्र नाही. महानगरपालिकांच्या १९४९ च्या कायद्यात वाहने, नौका आणि जनावरे यांच्यावर कर बसवण्याची तरतूद आहे. अनेक नगरपालिका सायकलवर कर घेत आणि भरल्याची खूण म्हणून धातूचा बिल्ला देत. घरातल्या आजोबांना विचारून पाहा. बिल्ल्याची आठवण ते आनंदाने सांगतील. पुढे हा कर ठिकठिकाणी बंद झाला. तेव्हापासून सायकलवाला फुकट्या ठरला!

आता मुख्य प्रश्न. आपल्या घरापासून महाविद्यालयापर्यंतचा रस्ता कोणाच्या पैशाने होतो? मोटारीचा वाहन कर राज्याच्या तिजोरीत जातो. गावातला रस्ता डांबरण्याचे आणि त्यावरचे खड्डे बुजवण्याचे काम बहुतांशी महापालिकेचे. महापालिकेचे मोठे उत्पन्न घरपट्टीचे. पूर्वी जकातीचेही होते. ती गेल्यावर आता वस्तू व सेवा करापोटी मिळणारी भरपाई असते. यांपैकी कोणता कर सायकलवाल्याला चुकतो? आम्ही खोलीचे भाडे देतो, त्यातूनच मालक घरपट्टी भरतो. साबण, वही, चपला, प्रत्येक खरेदीत कर आहे. खुद्द सायकलवरही आहे. २२ सप्टेंबर २०२५ पर्यंत तो १२ टक्के होता, आता ५ टक्के आहे. मुंबईच्या मालमत्ता कराच्या बिलात तर ‘पथकर’ अशी वेगळी ओळच असते. म्हणजे रस्त्याचा कर घरातून वसूल होतो, मग त्या घरापुढे मोटार उभी असो, सायकल असो किंवा नुसती तुळस असो.

“आणि पेट्रोलवरचा कर?” असे कोणी विचारील. विचारावेच. तो कर जबर आहे यात वाद नाही. परंतु त्यातला रस्त्यासाठी राखलेला भाग कोठून आला आणि कोठे जातो, हेही पाहावे. १९२७ साली बॅ. मुकुंदराव जयकर यांच्या अध्यक्षतेखाली रस्तेविकास समिती नेमली गेली. पुढे पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले ते हेच जयकर. लांब पल्ल्याचे रस्ते बांधणे स्थानिक संस्थांच्या आणि प्रांतांच्या आवाक्याबाहेर चालले आहे, तेव्हा पेट्रोलवर जादा कर बसवून पैसा उभा करावा, असे या समितीने सुचवले. त्यातून १९२९ साली केंद्रीय रस्ते निधी निघाला. २००० साली त्याचा स्वतंत्र कायदा झाला. हा पैसा प्रामुख्याने राष्ट्रीय महामार्ग, ग्रामीण रस्ते, राज्यांतले मोठे रस्ते आणि रेल्वेवरचे पूल यांसाठी. आपल्या पेठेतल्या गल्लीची मालकी त्या पावतीवर मिळत नाही.

जमेची बाजू झाली, आता खर्चाची. रस्ता झिजवतो कोण? अमेरिकेत इलिनॉय राज्यात १९५८ ते १९६० या काळात मुद्दाम रस्ते बांधून त्यांवर ट्रक फिरवून पाहिले. निष्कर्ष असा निघाला की, आसावरचा भार दुप्पट झाला की रस्त्याची हानी दुप्पट होत नाही, सुमारे सोळापट होते. ठोकताळाच आहे, पण रस्ते बांधणारे अभियंते अजून त्याचा आधार घेतात. मी, माझी सायकल आणि दप्तर मिळून ८० किलो, म्हणजे एका आसावर ४०. माणसांसकट लहान मोटार १२०० किलो, म्हणजे एका आसावर ६००. भार पंधरापट, हानी पन्नास हजारपटींहून अधिक. मोटारीच्या एका फेरीइतका रस्ता झिजवायला मला पन्नास हजारांवर फेऱ्या माराव्या लागतील. वर्षाचे ३०० दिवस रोज जाऊन-येऊन केले, तरी ८४ वर्षे! तोवर मी पदवीधर झालेला असेन, अशी आशा आहे. मोटारीने एक लाख रुपये कर भरला, तर झिजेच्या प्रमाणात माझ्या वाट्याला सुमारे दोन रुपये येतात. ते मी आत्ता रोख द्यायला तयार आहे. पावतीचा कागदच त्याहून महाग पडेल. आणि मोटार उभी करायला लागणारी जागा, धूर, गोंगाट यांचा हिशेब मी अजून मांडलेलाच नाही.

तरीही, मित्रहो, मला हा हिशेब जिंकून थांबायचे नाही. कारण ‘जो कर भरतो त्याचा रस्ता’ हे तत्त्वच मला धोक्याचे वाटते. ते मानले तर पायी चालणाऱ्याने कोठे जावे? विजेवरच्या बहुतेक मोटारींना आपल्या राज्यात वाहन करातून सूट आहे आणि पेट्रोल तर त्या पीतच नाहीत. त्यांना कोणी “कडेने चल” म्हणत नाही. मग राग कर न भरण्याचा आहे, की स्वस्त वाहनावर बसण्याचा? पहाटे पेपर टाकणारा मुलगा, दूधवाला, कारखान्याचा रखवालदार हे सायकलवर असतात, ते व्यायामासाठी नव्हे. राज्याच्या मानव विकास कार्यक्रमात मागास तालुक्यांतल्या आठवी ते बारावीच्या मुलींना शाळेत जाण्यासाठी सायकली दिल्या जातात. त्या मुलीला ट्रकने कडेच्या चिखलात ढकलले, तर शाळा सुटेल तिची. तिने किती कर भरला हे तेव्हा विचारायचे काय?

सायकलवाल्यांनीही दिवा लावावा, उलट दिशेने येऊ नये, हे मला मान्य आहे. तो शिस्तीचा प्रश्न आहे आणि सर्वांनाच लागू आहे. पण हक्काचा प्रश्न वेगळा. पुण्याला एके काळी सायकलींचे शहर म्हणत. तिथे सायकलवाल्याने रस्त्याचा एक सुरक्षित पट्टा मागितला, तर ती भीक नव्हे. वर्गणी देणाऱ्याने आपल्या वाट्याचे पान मागितले, एवढेच. रस्ता कोणाच्या बापाचा, या प्रश्नाला म्हणूनच एक सरळ उत्तर आहे: सगळ्यांच्या. ज्यांनी आयुष्यभर सायकलच चालवली, त्यांच्याही.

— तृतीय वर्ष कला (अर्थशास्त्र)