फॉरवर्ड करण्यातही अनुमोदना असते



‘बघा तरी, केवढं आश्चर्य!’ म्हणून येणारे व्हिडिओ मलाही आवडतात. सुगरण पक्षी एकेक काडी ओवून घरटं विणतो, ते कितीही वेळा बघावं. पण प्राण्यांचे काही व्हिडिओ आपण जैन बायकांनी पुढे पाठवू नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे.

स्लो लोरिस नावाचा मोठ्या डोळ्यांचा छोटा प्राणी तुम्ही पाहिला असेल. आपल्या ईशान्य भारतात आणि आग्नेय आशियाच्या जंगलांत तो राहतो. व्हिडिओत कुणी त्याला गुदगुल्या करतं आणि तो दोन्ही हात वर करतो. आपण म्हणतो, लाडात आलाय! खरं तर तो घाबरलेला असतो. कोपराजवळच्या ग्रंथीतला स्राव लाळेत मिसळला की त्याचा चावा विषारी होतो. हात वर करणं ही त्या बचावाची तयारी. तो चावू नये म्हणून विकणारे अनेकदा त्याचे दात तोडतात. २००७ साली त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंदी आली. तरी असे व्हिडिओ पाहून कित्येकांनी ‘मलाही असा एक हवा’ असं लिहिलं होतं.

थायलंडमधला चित्र काढणारा हत्तीही तसाच. सोंडेत ब्रश दिसतो. कानाशी उभा राहून कान ओढत खुणा करणारा माहूत आपल्या लक्षात येत नाही. असे खेळ शिकवण्यासाठी पिल्लांना आईपासून तोडून मारझोड केली जाते. अजगराच्या विळख्यातून कुत्र्याचं पिल्लू सोडवणारे ‘दयाळू’ व्हिडिओ तर कित्येकदा मुद्दाम घडवलेले असतात. पिल्लू आधी तिथे ठेवायचं, मग वाचवायचं. असे बनावट सुटकेचे व्हिडिओ चालणार नाहीत, असं यूट्यूबला २०२१ मध्ये जाहीर करावं लागलं.

कुणी म्हणेल, व्हिडिओ तर बनून गेला, मी पाठवल्याने काय होतं? मी कॉमर्स शिकले, म्हणून साधा हिशोब सांगते. जितके जास्त लोक बघतील तितका बनवणाऱ्याला पैसा, आणि मागणी वाढली की पुरवठा होतोच. पुढचं पिल्लू त्या मागणीसाठीच पकडलं जातं.

आणि धर्माचा हिशोब त्याहून काटेकोर आहे. संरंभ, समारंभ, आरंभ हे तीन. मन, वचन, काया हे तीन. स्वतः करणं, करवणं आणि अनुमोदन देणं हे तीन. आणि चार कषाय. गुणाकार केला की १०८ होतात. जपमाळेचे १०८ मणी त्यासाठीच, असं आपण लहानपणापासून ऐकत आलो. त्यात अनुमोदन वेगळं मोजलं आहे. हसऱ्या चेहऱ्याचं चिन्ह लावून पाठवलेला व्हिडिओ अनुमोदन नाही तर काय?

आपण पाणी गाळतो, धान्य निवडतो. मोबाइलवर आलेलंही निवडून घेऊ या. प्राणी मोकळा आहे की कुणाच्या हातात? जीव संकटात असताना कॅमेरा आधीच तयार कसा होता? शंका आली तर तो पुसून टाकायचा. ज्या ताईंनी पाठवला त्यांना ग्रुपवर सर्वांसमोर टोकू नका. बाजूला फोन करून समजावून सांगा. नातवंडांनाही हे दोन प्रश्न विचारायला शिकवा. मुलं आपल्यापेक्षा लवकर ओळखतात.